जोडीतला दुसरा



पहाटे मुंबईकडे जाणाऱ्या डहाणू लोकलमध्ये कामावर निघालेल्या माणसांच्या पायांत एखादी लांबलचक किटबॅग आडवी पडलेली असते. चेन पुरती न लागलेल्या तिच्या तोंडातून बॅटची मूठ बाहेर आलेली असते आणि शेजारी तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दाराच्या दांड्याला धरून उभ्याउभ्याच पेंगत असतो. आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर याच रुळांवरून मैदानापर्यंत गेला. विरार-डहाणू उपनगरी सेवा २०१३ मध्ये सुरू झाली. त्याच्या शाळकरी दिवसांत तीही नव्हती. या किटबॅगवाल्या मुलाला घरी, शाळेत, नेट्समध्ये एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. दोन मित्र होते, एकाच गुरूचे शिष्य; दोघांत गुण सारखेच, एकाने शिस्त पाळली आणि तो देव झाला, दुसरा वाहवत गेला आणि संपला. पहिला सचिन तेंडुलकर, दुसरा विनोद कांबळी. ही गोष्ट पुराव्यापुढे टिकत नाही आणि ती सांगून आपण त्या मुलाला चुकीचा धडा देतो, असं माझं म्हणणं आहे. आजचं व्याख्यान तेवढ्यासाठीच आहे.

गोष्टीचा आरंभ खरा आहे, म्हणूनच ती मनात घर करते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेकडून खेळताना या दोघांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६ नाबाद, विनोद ३४९ नाबाद. सचिन चौदा वर्षांचा, विनोद सोळाचा. त्यानंतर त्याच सामन्यात विनोदने ३७ धावांत ६ बळी घेतले, हा तपशील गोष्ट सांगणारे बहुधा गाळतात. रणजी करंडकातला आपला पहिलाच चेंडू त्याने षटकार मारून सीमेपार धाडला, हे मात्र सगळ्यांना पाठ असतं, कारण त्यातून बेफिकिरी सुचवता येते. पतंगाचंही तसंच. सचिननेच सांगितलेली आठवण आहे: शाळकरी सामना चालू असताना मैदानात एक पतंग आला आणि खेळपट्टीवर उभा असलेला विनोद बॅट सोडून तो उडवू लागला. शाळकरी मुलाने पतंग धरला, यात खरं तर पोरवयापलीकडे काही नाही. पुढे त्याचं आयुष्य विसकटलं म्हणून आपण मागे वळून त्या पतंगाचा अपशकुन केला. सचिनही लहानपणी खोडकर म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याच्या खोड्यांना आपण बाललीला म्हणतो. शेवट आधी ठरवून मग पुरावा वेचण्याची ही रीत आहे आणि कुठलंही चरित्र तिच्यासमोर हतबल असतं.

असली जोडी फक्त आपल्याकडे आहे असं नाही. फुटबॉलच्या जगात ब्राझीलने हीच गोष्ट पेले आणि गारिंशा यांच्या नावाने रचली. गारिंशाचं खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस. गारिंशा हे एका लहानशा पक्ष्याचं नाव. रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावात १९३३ मध्ये तो जन्मला. जन्मापासून दोन्ही पाय वाकडे, एक आत वळलेला, दुसरा बाहेर, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. वयाच्या चौदाव्या वर्षी तो त्याच कापड गिरणीत कामाला लागला. याच पायांनी त्याने जगातले उत्तमोत्तम बचावपटू चकवले. १९५८ चा विश्वचषक ब्राझीलने जिंकला त्यात तो होता. १९६२ मध्ये पेले दुखापतीने बाहेर गेल्यावर विश्वचषक गारिंशानेच ओढून आणला. उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध दोन आणि उपान्त्य फेरीत चिलीविरुद्ध दोन गोल त्याचे. पेले आणि गारिंशा एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही. पण पेले जगाचा राजदूत झाला आणि गारिंशा २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दारूने यकृत निकामी होऊन गेला. तिथल्या आयांनीही आपल्या मुलांना हेच सांगितलं असणार: पेलेसारखा हो, गारिंशासारखा होऊ नकोस.

आता गोष्ट बाजूला ठेवून आकडे पाहू. कांबळीने जानेवारी १९९३ मध्ये कोलकात्यात पहिली कसोटी खेळली. पहिल्या आठ डावांतल्या त्याच्या धावा अशा आहेत: १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०. बेरीज ७९३, सरासरी ११३ च्या वर. लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं आणि पाच डावांत चार शतकं, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कसोटीतल्या हजार धावा त्याने चौदा डावांत पुऱ्या केल्या. इतक्या कमी डावांत हा टप्पा दुसऱ्या कुठल्याही भारतीयाने गाठलेला नाही. नंतरच्या तेरा डावांत मात्र २९१ धावा, सरासरी २२ च्या आसपास. हीही बाजू लपवायचं कारण नाही. वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांचा छातीवर येणारा आखूड चेंडू त्याला अडवत होता आणि ही गोष्ट प्रत्येक संघाच्या ध्यानात आली होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला तो शेवटची कसोटी खेळला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याची सरासरी ५४.२० होती. त्यानंतर त्याला एकही कसोटी मिळाली नाही. प्रथम श्रेणीच्या १२९ सामन्यांत ९,९६५ धावा आणि जवळजवळ साठची सरासरी, हे सगळं गाठीशी असूनही नाही.

याच्या शेजारी जोडीतल्या पहिल्याचे आकडे ठेवू, त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे, तर तो कसा घडला ते कळण्यासाठी. सचिन नोव्हेंबर १९८९ मध्ये कसोटी संघात आला आणि त्याचं पहिलं कसोटी शतक ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला झालं. एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक व्हायला त्याला एकोणऐंशी सामने लागले. ते सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोत आलं. या एकोणऐंशी सामन्यांत संघाने त्याला धीर धरून वाढू दिलं आणि ते योग्यच केलं. त्याआधी घरानेही तसंच केलं होतं. वडील प्राध्यापक, मैदानापर्यंत बोट धरून नेणारा आणि नंतर प्रत्येक खेळीवर बोलणारा मोठा भाऊ अजित. वांद्र्याहून शाळा आणि मैदान लांब पडतं म्हणून मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १९९५ मध्ये मार्क मस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेलने त्याच्या जाहिरातींचा आणि पैशांचा सगळा कारभार हाती घेतला, म्हणजे बाविसाव्या वर्षीच हिशेब पाहणारं कुणीतरी होतं. कांबळी कांजूरमार्गच्या चाळीतून किटबॅग घेऊन लोकलने दादरला यायचा. वडील मेकॅनिक. तेही क्लबकडून वेगवान गोलंदाजी करत, म्हणजे घरात क्रिकेटचं प्रेम भरपूर होतं. नव्हती ती उसंत आणि गाठीशी असावी लागणारी पुंजी. सचिनची शिस्त खरी आणि अपार होती. पण शिस्तीचं रोप रुजायला जमीन लागते. ही जमीन एकाला मिळाली, दुसऱ्याला फार थोडी मिळाली.

गारिंशाच्या बाबतीत हे अधिक लख्ख दिसतं. तो जिच्यात कामाला लागला त्या गिरणीला मागापेक्षा मैदानावर त्याची अधिक गरज होती, कारण तो गिरणीच्या संघाचा हुकमी एक्का होता. पुढे १९५३ पासून १९६५ पर्यंत बोताफोगो क्लबने त्याला खेळवलं. कराराच्या कोऱ्या कागदावर तो सही करायचा आणि आकडा क्लब भरायचा. त्याचा गुडघा झिजत गेला तरी परदेश दौऱ्यांचे पैसे त्याच्या नावावर मिळत, म्हणून सुई टोचून त्याला उतरवत राहिले. शस्त्रक्रिया झाली तोवर उशीर झाला होता. पेलेही एकदा व्यवहारात सपशेल बुडाला होता. भागीदाराच्या हाती कारभार देऊन तो कर्जात गेला आणि त्याच्या सान्तोस क्लबने, आपल्या सोयीच्या अटींवर का होईना, त्याला बाहेर काढलं. दोघंही घसरले होते. एकाला हात देणारं कुणी होतं, दुसऱ्याचा हात सहीपुरता धरला गेला.

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या माणसांना हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. अंगमेहनतीवर जगणाऱ्याचं शरीर हेच भांडवल असतं, ते झिजतं, आणि झिजल्यावर काय, याचं उत्तर आधी ठरलेलं असावं लागतं. म्हणून तर पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआयचं कार्ड आणि युनियन यांसाठी पिढ्या भांडल्या. कंत्राटी कामगार आजही भांडतो आहे. खेळाडूला आपण देव म्हणतो, पण प्रत्यक्षात तो कामगारच असतो. त्याचं कामाचं आयुष्य इतर बहुतेकांपेक्षा आखूड असतं आणि बहुधा पस्तिशीच्या आसपास त्याला निवृत्त व्हावं लागतं. ज्या वयात बाकीच्यांची नोकरी कायम होते, त्या वयात त्याची सुटते. देव म्हटलं की ना रजा द्यावी लागते ना निवृत्तिवेतन. कांबळी खेळत होता तेव्हा खेळाडूंना वर्षभराचे करार नव्हते, म्हणजे संघातून वगळलं की कमाईही थांबायची. बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० मध्ये निघाली; कांबळीचा शेवटचा एकदिवसीय सामना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शारजात झाला. आखूड चेंडूवर अडणारा फलंदाज आज अशा अकादमीत महिनाभर राहून तोड शोधू शकतो. त्या काळी त्याने ती कुठे शोधायची होती?

यावर पहिला आक्षेप असा येईल की गुरू तर एकच होते. रमाकांत आचरेकर सरांनी यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवून दोघांनाही शिकवलं. जो शेवटपर्यंत नाबाद राहील त्याचं नाणं. मग फरक शिष्यातच नाही का? सरांचं ऋण मुंबईच्या क्रिकेटवर एवढं आहे की या प्रश्नाचं उत्तर जपूनच द्यायला हवं. सरांनी मुलांना भारतीय संघाच्या दारापर्यंत नेऊन पोचवलं. त्या दारापलीकडे पैसा, प्रसिद्धी, परगावची हॉटेलं आणि वगळलं जाण्याची टांगती तलवार होती. तिथे सरांचं नाणं चालत नव्हतं. मैदानावरचं शिक्षण दोघांना सारखं मिळालं. मैदानाबाहेरचं शिक्षण एकाला घरातून मिळालं, दुसऱ्याला कुणी द्यायला हवं होतं. चाळीतून थेट जाहिरातीच्या फलकावर गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला हे कळायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्या कारखान्यात नवीन पोराला यंत्रावर उभं करण्याआधी आपण शिकाऊ म्हणून वर्षभर ठेवतोच ना?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परिस्थिती सगळं करते म्हटलं तर माणसाची जबाबदारी ती काय उरली? चाळीतून आलेले असंख्य खेळाडू सरळ राहिले. सौरव गांगुलीला १९९२ च्या दौऱ्यानंतर वगळलं आणि तो १९९६ मध्ये लॉर्ड्सवर शतक ठोकून परत आला. हे सगळं खरं आहे आणि कांबळीच्या निर्णयांची जबाबदारी कांबळीचीच आहे. पण जबाबदारी वाटून घेता येते. ती एकाची ठरली म्हणून दुसऱ्याची संपत नाही. गारिंशाला संपवणाऱ्या दारूच्या बाबतीत तर आपण शहाणं व्हायलाच हवं. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगत आलं आहे. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला रुग्ण म्हणतात आणि उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतात, पण बरं होण्याचं काम अखेर रुग्णालाच करावं लागतं, हेही बजावतात. दया आणि जबाबदारी एकत्र नांदू शकतात, याचा हा मराठी पुरावा आहे. फुटबॉलने हे गारिंशानंतर का होईना, ओळखलं. इंग्लंडचा टोनी ॲडम्स स्वतः दारूतून बाहेर पडला आणि २००० मध्ये त्याने खेळाडूंसाठी उपचारकेंद्र काढलं. तिथल्या फुटबॉलपटूंची संघटना १९०७ पासून आहे, ती या कामाच्या पाठीशी उभी राहिली. आपल्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये आली आणि तीही फक्त निवृत्त खेळाडूंची. खेळत असताना ज्याला आधार हवा, त्याच्यासाठी ती नाही.

तिसरा आक्षेप निवड समितीच्या बाजूने आहे. १९९६ नंतर द्रविड, गांगुली आणि पाठोपाठ लक्ष्मण आल्यावर मधल्या फळीत जागाच कुठे होती? हाही मुद्दा खरा, आणि कांबळीवर ठरवून अन्याय झाला असं मी म्हणतही नाही. एकदिवसीय संघात तो पुन्हा पुन्हा येत-जात राहिला आणि १०४ सामने खेळला. निवड हा कठोर व्यवहार आहे आणि तो तसाच असला पाहिजे. जागा अकराच असतात, कुणीतरी वगळलं जाणारच. पण वगळलेल्याची सोय करण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. या बाबतीत मुंबईची जुनी पद्धत अधिक शहाणी होती. कंपन्यांच्या संघांत होणाऱ्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या काळात कंपन्या खेळाडूला नोकरी देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. फुटबॉललाही टाटांसारख्या कंपन्यांच्या संघांनी जगवलं; १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या मैदानांवर घडला. पगार बेताचा असेल, पण खेळ संपल्यावर दुसऱ्या दिवशी जायला एक टेबल आणि हजेरीपट असायचा. पैसा वाढला, वाहिन्या आल्या आणि ही सोय मात्र आटत गेली.

त्या सोयीच्या जागी काय आलं ते पाहा. २०२२ मध्ये कांबळीने जाहीरपणे सांगितलं की क्रिकेट मंडळाचं दरमहा तीस हजारांचं निवृत्तिवेतन हेच आपलं उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवं आहे. त्याने काम मागितलं होतं, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तो रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच महिन्यात १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू मदतीला पुढे आले. एप्रिल २०२५ पासून गावसकरांची चॅम्प्स फाउंडेशन त्याला दरमहा मदत देते. या माणसांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. पण एका थोर खेळाडूच्या औदार्यावर दुसऱ्या थोर खेळाडूचं औषधपाणी चालावं, याला व्यवस्था म्हणत नाहीत. ब्राझीलमध्ये १९७३ मध्ये गारिंशासाठी माराकानावर निरोपाचा सामना झाला, लाखावर लोक आले, पैसा जमला आणि दहा वर्षांच्या आत तो गेला. गर्दीचं प्रेम खरंच असतं, पण ते एका संध्याकाळपुरतं असतं, आणि आजार तर रोजचा असतो.

पालघर जिल्ह्याला खेळाडूला आधार कसा द्यावा याचा धडा बाहेर शोधावा लागत नाही. शार्दूल बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोजचा प्रवास त्याला झेपणार नाही, हे ओळखून त्यांनी त्याला बोरिवलीत आपल्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्माची फी परवडत नव्हती, तर ती त्यांनी शाळेकडून माफ करून घेतली. एक अंथरूण आणि एक फीमाफी, एवढ्याने दोन कसोटीपटूंची वाट मोकळी झाली. पुढे शार्दूल ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून जायबंदी झाला. दुसरी कसोटी त्याला जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला मिळाली. तिथे त्याने ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. मधली दोन वर्षं त्याच्या जिद्दीची होती, यात शंका नाही, पण तोपर्यंत खेळाडूच्या दुखापतीवर उपचार करणारी आणि त्याला पुन्हा उभं करणारी यंत्रणाही उभी राहिली होती. कांबळीच्या पिढीला ती नव्हती.

तेव्हा किटबॅग उचलणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना माझी विनंती आहे. अकादमीत नाव घालताना पोराला बॅट कशी धरायला शिकवाल, एवढंच विचारू नका. तो जायबंदी झाला तर कोण पाहील, दहावी-बारावीचा अभ्यास कोण सांभाळेल, पहिला पैसा आला की हिशेब कोण शिकवेल, आणि वगळला गेला तर त्या रात्री त्याच्याशी कोण बोलेल, हेही विचारा. वसाहतीतल्या कारखानदारांना विनंती आहे की सामन्यांना बक्षिसं देता तशी खेळून झालेल्या मुलांना नोकरीही द्या. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. खासगी कारखान्याला मन मोठं करायला कुणी अडवलेलं नाही.

आणि ती जोडीची गोष्ट आता बदलून सांगा. १९८८ मध्ये आझाद मैदानावर विनोद कांबळी ३४९ वर नाबाद होता. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना प्रेक्षकांच्या दंग्यामुळे थांबला आणि श्रीलंकेला बहाल झाला. तेव्हा धावफलकावर भारत ८ बाद १२० होता आणि कांबळी १० धावांवर खेळत होता. तो रडत मैदानाबाहेर आला, ते चित्र सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर आहे आणि दुबळेपणाचा दाखला म्हणून आपण ते वापरतो. पण त्या संध्याकाळीही त्याला कुणी बाद केलं नव्हतं. तो खेळायला उभा होता आणि खेळ त्याच्याभोवतीच्या माणसांनी थांबवला. आपल्या मुलांना हे चित्र दाखवायचं असेल, तर एवढं वाक्य जोडून दाखवा.